‘सिमेंट पुरे’ म्हणणाऱ्यांना

‘खेड्यात घर बांधायला सिमेंट लागतं, तत्त्वज्ञान नाही.’ वाक्य टाळीचं आहे. घरकुलाच्या बैठकीत ते ऐकू येतं, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्यांच्या गप्पांत येतं, आणि हल्ली आर्किटेक्चर शिकून आलेली मुलंही ते म्हणतात. पाच वर्षं ‘अवकाश’ आणि ‘संकल्पना’ ऐकून कंटाळलेली असतात बिचारी. आक्षेप नीट मांडायचा तर असा: घर म्हणजे काय, माणूस एखाद्या जागी राहतो म्हणजे नेमकं काय करतो, भिंत कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे प्रश्न पोट भरलेल्यांचे. बीबीसारख्या गावात ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे, त्याला चार भिंती, वर स्लॅब आणि एक संडास द्या. बाकीचं मग बघू.

या आक्षेपामागे गरिबाविषयीची कळकळ आहे, हे मान्य. पण ज्याच्या नावाने तो घेतला जातो, त्याच्याच तो मुळावर येतो. कसा, ते सांगतो.

बीबी हे लोणार तालुक्यातलं, सिंदखेडराजा–मेहकर रस्त्यावरचं गाव. वास्तुरचनेच्या कुठल्याही पुस्तकात त्याचं नाव सापडायचं नाही. पण त्याच्या एका अंगाला लोणार आहे, तिथलं दैत्यसूदनाचं मंदिर आहे, विवराच्या काठापासून तळापर्यंत विखुरलेली देवळं आहेत. दुसऱ्या अंगाला सिंदखेडराजा आहे, लखुजी जाधवांचा वाडा आहे, त्यांची समाधी आहे. पाहुणा आला की आपण त्याला हीच ठिकाणं दाखवायला नेतो, आणि दाखवताना आपोआप बोलू लागतो: गाभाऱ्यात उजेड कसा मोजून सोडलाय, गोमुखाची धार कुठे अडवून कुठे खेळवलीय, देवडीपासून आतपर्यंत माणसाला कसं टप्प्याटप्प्याने थांबवलंय. त्या वेळी कोणी म्हणत नाही की इथे फक्त दगड लागला. देवाच्या आणि राजाच्या घराला विचार लागतो हे सगळ्यांना मंजूर आहे. हरकत आहे ती गरिबाच्या घराला विचार लावण्यावर. म्हणजे भांडण सिमेंट आणि तत्त्वज्ञानाचं नाहीच. विचार कोणाच्या वाट्याला यावा, याचं आहे.

आता पोट भरलेल्यांचं बघू. घर आणि वस्ती यांवरचं विसाव्या शतकातलं सगळ्यात जास्त चघळलं गेलेलं भाषण जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने 1951 साली जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात दिलं. हे शहर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेलं होतं, देशभर घरांची टंचाई होती, आणि ते भाषण त्या टंचाईचाच उल्लेख करतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की घरांचा तुटवडा खराच आहे, पण बांधणं म्हणजे काय हे विसरून नुसती संख्या वाढवली तर माणूस त्या घरांत राहील, नांदणार नाही. हायडेगर नाझी पक्षाचा सभासद होता, त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा. शिवाय उदाहरण म्हणून त्याने काळ्या अरण्यातलं जुनं शेतकऱ्याचं घर पुढे केलं, ते फार गोडगोड आहे. तरी आपल्यापुरता मुद्दा उरतोच: हा प्रश्न ढिगाऱ्यात उभं राहून विचारला गेला होता, दिवाणखान्यात बसून नाही. घरं मोठ्या संख्येने बांधायची असतात तेव्हाच तो विचारावा लागतो. एक चुकीचा बंगला एका कुटुंबाला भोवतो. एक चुकीचा नकाशा गावंच्या गावं पिढीभर वापरतात.

नकाशाचीच गोष्ट काढू. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग 2016 साली सुरू झाला. तेव्हा सपाट प्रदेशात एका घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि संडासाचे 12 हजार. घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. आपल्या मापात सुमारे 269 चौरस फूट. कोणाला मिळणार, ते 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून ठरलं: खोल्या किती, भिंत कशाची, छत कशाचं. मातीची भिंत असेल तर घर कच्चं. ती भिंत दोन फूट जाड असो, आजोबांच्या काळापासून उभी असो, आत मे महिन्यातही गारवा असो, कागदावर ती कच्चीच.

मला या योजनेची टर उडवायची नाही. तिने लाखो लोकांना ओलीतून बाहेर काढलं. पण तिच्यात तत्त्वज्ञान नाही, असं म्हणणाऱ्याने ती नीट वाचलेली नाही. घर म्हणजे छताखालचं क्षेत्रफळ, हे तत्त्वज्ञानच आहे. घराचा दर्जा भिंतीच्या सामानावरून ठरतो, हेही तत्त्वज्ञानच. घर पूर्ण झालं हे घरात राहणाऱ्याने नाही, तर मोबाइलवर काढलेल्या फोटोने ठरवायचं, यातही राज्य आणि माणूस यांच्या नात्याविषयीचं एक ठाम मत आहे. हे सगळं कोणीतरी कधीतरी ठरवलेलं आहे. फक्त ठरवताना त्याला प्रश्न पडले नाहीत, किंवा पडले तरी आपल्यापर्यंत पोचले नाहीत. विचार न करता बांधलेलं घर जगात कुठेच नसतं. दुसऱ्याने केलेल्या विचारात राहणारी माणसं मात्र खूप असतात.

आणि हा दुसऱ्याचा विचार बीबीत आल्यावर काय होतं? आमच्याकडे घरातला बराचसा दिवस घराबाहेर जातो. सोयाबीन-तूर वाळवणं, निवडणं, पाहुण्याला टेकवणं, म्हाताऱ्याचं येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं, पोरांचा अभ्यास, हे सारं ओट्यावर आणि छपरीत. 269 फुटांच्या हिशेबात ओटा धरलेला नसतो, कारण तो ‘आत’ नाही. मग घरकुल झाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत काय दिसतं? पुढे बल्ल्या रोवून टिनं टाकलेली असतात, बाजूला चूल आलेली असते, न्हाणीसाठी साड्यांचा आडोसा झालेला असतो. आमचे अभियंता मित्र याला अतिक्रमण म्हणतात. मला ती नकाशाची दुरुस्ती वाटते. घरात राहणाऱ्यांनी नकाशा तपासला आणि जे राहिलं होतं ते पदरचे पैसे घालून लिहून काढलं.

काळ्या जमिनीचंही तसंच. जुनं गावठाण बहुधा पांढरीवर, उंचवट्यावर, मुरमाच्या आधाराने बसलेलं असतं. गाव वाढतं ते खाली, मिळेल त्या ई-क्लास सरकारी जमिनीत, नाहीतर विकत घेतलेल्या शेताच्या तुकड्यावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर चार-पाच वर्षांत भिंतीही तिच्याबरोबर भेगाळतात. घर कुठे बांधायचं हा पहिला प्रश्न, कसं बांधायचं हा दुसरा. जुन्या लोकांनी पहिल्याला इतका मान दिला की पिकाची जमीन आणि राहायची जमीन यांची नावंच वेगळी ठेवली. आपण थेट दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सव्वा लाखात आणखी काय काय करायचं? मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. गज, खडी, सेंट्रिंग, मिस्त्रीची मजुरी यांपुढे सव्वा लाख टिकत नाहीत, हे हप्त्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण दार कोणत्या दिशेला, समोरच्या दाराशी भिडतं की बगल देतं. खिडकी बसलेल्या माणसाच्या उंचीवर की उभ्याच्या. संध्याकाळचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं आणि तिथे झोपायची जागा आहे की न्हाणी. सांडपाणी आपल्या परसात जातं की शेजाऱ्याच्या जोत्याखाली, या निर्णयांना पैसे पडत नाहीत. डोकं लागतं, आणि खोदाईच्या आधी एक संध्याकाळ. सिमेंटचं पोतं महाग आहे म्हणून विचारही महाग असेल, हे गणित कोणी मांडलं?

खरी गंमत पुढेच आहे. गरिबाच्या घराला तत्त्वज्ञान नको म्हणणारा माणूस स्वतःच्या बंगल्याचा पाया खोदताना कोणाला बोलावतो? वास्तुवाल्याला. ईशान्येला देवघर, आग्नेयेला गॅस, जिन्याच्या पायऱ्या विषम, संडास भलत्या दिशेला आला म्हणून फोडून पुन्हा बांधलेला. तेव्हा वेळही असतो आणि पैसाही. विचाराची जागा रिकामी राहत नाही. ‘इथे कोण कसं राहणार’ हा प्रश्न उठवून लावला की तिथे ‘कोणत्या कोपऱ्यात दोष आहे’ हा प्रश्न येऊन बसतो, आणि त्याची फी पहिल्यापेक्षा जास्त असते.

आता या वादातला सगळ्यात जड दगड उचलतो, कारण तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. तेव्हापासून मराठवाड्यात आणि आमच्याकडेही माती-दगडाच्या घराविषयी कोणी चांगलं बोललं की समोरचा एवढंच म्हणतो: किल्लारी आठवते ना? आणि बोलणाऱ्याने गप्प बसावं अशी अपेक्षा असते.

पण तिथे काय कोसळलं? दोन-अडीच फुटी भिंती. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड फारसे नाहीत. कोपऱ्यांना बांधणी नाही, भिंतींना फिरता पट्टा नाही. वर धाब्याची माती, दर उन्हाळ्यात गळती थांबवायला त्यावर आणखी एक थर, असं वर्षानुवर्षं वाढत गेलेलं ओझं. हादरा बसला तेव्हा थर सुटे झाले आणि ओझं खाली आलं. म्हणजे सामान माती-दगड होतं हे खरं, पण जीव घेतला तो जोडणीतल्या त्रुटीने आणि वजनाने. आरपार दगड घाला, पट्टा द्या, छत हलकं करा, हे उपाय माहीत आहेत आणि भूकंपानंतरच्या कार्यक्रमात हजारो गावांतल्या जुन्या घरांना ते सुचवलेही गेले. आणि उलट, वाईट काँक्रीट किती वाईट पडतं ते 2001 च्या भूकंपात भूज-अहमदाबादने दाखवलं. किल्लारीने दिलेला धडा विचार करा असा होता. आपण त्याचा अर्थ ‘सिमेंट आणा’ असा लावला.

पुनर्वसनाची हकीकत मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथे ‘सिमेंट पुरे’चं तत्त्वज्ञान अगदी उघडं दिसतं. 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज, देशभरातल्या देणगीदार संस्था, प्रचंड काम. ज्यांनी ते केलं त्यांच्याविषयी मनात आदर आहे. पण घर किती मोठं द्यायचं, ते कशावरून ठरलं? जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर 750. घरात माणसं किती, म्हातारी किती, लेकरं किती, हा पहिला निकष नव्हता. भूकंपाने सगळ्यांना एकाच पातळीवर आणलं होतं. सरकारने फूटपट्टी घेऊन उतरंड पुन्हा मोजून दिली.

हा निर्णय घेणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असं मी म्हणत नाही. जमीनदाराला औजारं, बैल, धान्य ठेवायला जागा लागते, असा काहीसा युक्तिवाद त्यामागे असणार, आणि तो अगदीच टाकाऊही नाही. पण तो युक्तिवाद आहे. वास्तुरचनेचं तत्त्वज्ञान आहे. ‘माणसाला घर किती लागतं?’ या प्रश्नाला दिलेलं ते एक ठाम उत्तर आहे. ‘आत्ता तातडी आहे, तत्त्वज्ञान नंतर’ असं म्हणून त्या वेळी ज्यांनी वाद टाळला असेल, त्यांनी वाद टाळला नाही. एका बाजूच्या मतावर न वाचता सही करून दिली. नव्या गावांचा आराखडाही तसाच शहरी चौकटीचा: सरळ रुंद रस्ते, ओळीने घरं. बोळ, गल्ली, चार घरांत मिळून एक अंगण, पाराकडे जाणारी वाकडी वाट, यांतलं फार थोडं त्या चौकटीत मावलं.

तुलनेला याच महाराष्ट्रातलं दुसरं उत्तर ठेवतो. किल्लारीच्या आधीचं आहे. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी 1983 ते 86 च्या सुमारास एक वसाहत आखली. उत्पन्नात मोठा फरक असलेली कुटुंबं तिथे राहणार होती, पण भूखंड मात्र साधारण 45 ते 75 चौरस मीटरच्या आतच ठेवले. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती. कोणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला सामाईक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. तत्त्व असं की श्रीमंताचं घर मोठं होऊ शकतं, पण आरंभाची जमीन सगळ्यांना जवळपास सारखी. पुढे लोकांनी ती कौलारू घरं पाडून मजले चढवले. आज छायाचित्रांतलं बेलापूर शोधायला गेलं तर निराशा होते. वास्तुरचनाकारांचे चाहते हळहळतात. मी हळहळत नाही. घर बदलता यावं म्हणून ते सुटं ठेवलं होतं, आणि लोकांनी ते बदललं. किल्लारीतही लोकांनी वाढवलं, बदललं, टिनं टाकली. फरक इतकाच की एका आराखड्याने त्याची वाट ठेवली होती आणि दुसऱ्याच्या हिशेबात ती नव्हती. बेलापूरच्या वेळीही सिमेंटच होतं, सरकारी यंत्रणाच होती. प्रश्न वेगळा विचारला, म्हणून उत्तर वेगळं आलं.

इथवर वाचून काही वाचक खूश झाले असतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळतो. माझे दुसरे विरोधक तेच. त्यांना मातीचं घर ‘किती छान’ वाटतं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांमागोमाग शेणाने सारवलेल्या खोल्या भाड्याने देण्याची कल्पनाही येतेच. देऊ देत, धंदा आहे. पण ज्यांनी आयुष्यात एकदाही पोतेरं हातात घेतलं नाही त्यांनी सारवलेल्या भूमीचं कौतुक जरा जपून करावं. धाब्याच्या घराचा गारवा खरा आहे. पण दर उन्हाळ्यात धाब्यावर माती कोण टाकतं, भिंतींना कोण लिंपतं, पावसात गळक्या जागेखाली घमेली कोण सरकवत बसतं? घरातली बाई. साप-विंचवाच्या धाकाने रात्री उठून दिवा कोण लावतं? तीच. ती स्लॅब मागते तेव्हा ती फसलेली नसते. ती तिच्या श्रमांचा हिशेब मांडत असते, आणि तो बरोबर असतो. गावात स्लॅबचं घर म्हणजे इज्जत, हेही खरंच आहे. ज्यांच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या झोपडं म्हटलं गेलं, त्यांच्यासाठी तर जास्तच खरं.

आणि जुन्या गावाचा आराखडा? तोही तत्त्वज्ञानाशिवाय नव्हता. कोणाची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला, कोणाची सावली कुठल्या रस्त्यावर पडलेली चालते, कोणत्या विहिरीवर कोणाचा पोहरा, वाड्याच्या ढाळजेत कोण बसतं आणि कोण जोत्याखाली उभं राहतं, हे सगळं दगड-मातीत इतकं चोख लिहिलेलं होतं की वेगळा कायदा करायची गरज पडली नाही. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले, ते याच आराखड्याला उद्देशून होते, असं मी वाचतो. त्याच आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं ते कशासाठी? पुस्तकांसाठी. 1930 च्या दशकाच्या आरंभी उभं राहिलेलं राजगृह हे ग्रंथांना जागा मिळावी म्हणून आखलेलं घर आहे, आणि त्याला नाव दिलं प्राचीन मगधाच्या राजधानीचं. ज्या समाजाला वेशीबाहेर ठेवलं गेलं, त्यातल्या माणसाने घराच्या पोटात ग्रंथालय ठेवलं. ‘गरिबाला तत्त्वज्ञान कशाला’ म्हणणाऱ्यांनी त्या पायऱ्या एकदा चढून याव्यात.

मातीप्रेमी मंडळी यावर सेवाग्रामची बापूकुटी पुढे करतात. करा, पण तिच्यातलं नेमकं काय घ्यायचं ते बघा. वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधी 1936 साली राहायला गेले. बापूकुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारली होती, आसपासचं सामान आणि आसपासचे हात वापरून. 1978 साली इव्हान इलिच हा विचारवंत तिथे बसून राहिला आणि मग बोलला, तेव्हा त्याने मातीचं कौतुक थोडं केलं आणि जागांची मोजदाद जास्त केली. त्या छोट्याशा झोपडीत त्याला सात प्रकारच्या जागा दिसल्या: चपला काढून थांबायची, सगळ्यांना बसता येईल अशी, एकट्याने काम करायची, पाहुण्याची, आजाऱ्याची, ओसरीची, न्हाणीची. चौरस फुटांत मोजली तर ती एक लहान झोपडी. वागण्यात मोजली तर तिच्यात एक सबंध घर. इथून न्यायचं ते हे. कुडाची नक्कल करून काही हाती लागत नाही. इजिप्तच्या हसन फतहीने 1940 च्या दशकात नव्या गुर्ना गावात मातीची सुंदर घरं बांधली, घुमट, कमानी, अंगणं सगळं नीट विचार करून. पण जुन्या गुर्नाचे बहुतेक लोक तिकडे गेलेच नाहीत. त्यांची उपजीविका जुन्या गावाखालच्या प्राचीन थडग्यांशी बांधलेली होती. वास्तुरचनाकाराचं तत्त्वज्ञान उत्तम होतं, पण त्यात राहणाऱ्यांचं नव्हतं.

तेव्हा वादाची सरळ मांडणी अशी. एका बाजूला ‘सिमेंट पुरे’, दुसऱ्या बाजूला ‘मातीच बरी’, आणि दोघेही सामानाबद्दल भांडतात. दोघांनाही वाटतं की सामान ठरलं म्हणजे घर ठरलं. मला स्लॅबही चालतो, विटाही चालतात, दाबून केलेल्या मातीच्या विटाही चालतात. पण त्याआधी विचारा की या घरात दुपारी कोण असतं, रात्री कोण, धूर कुठून जातो, मुलीला अभ्यासाला कोपरा आहे का, सून आणि सासू एकाच वेळी स्वयंपाकघरात मावतात का, पुढच्या दहा वर्षांत घर कोणत्या बाजूला वाढेल.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. ग्रामविकास मंत्रालयाने दिल्लीच्या आयआयटीला आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाला सोबत घेऊन ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह केलेला आहे. प्रकृती, हुनर, लोकविद्या यांवरून ते नाव. हवामान वेगळं, सामान वेगळं, म्हणून घर वेगळं, हे त्यात मान्य केलेलं आहे. ज्यांना तत्त्वज्ञान चोचले वाटतात त्यांनी हे सरकारी कागद आपल्या टेबलावर ठेवावेत. आणि योजनेचे नियमही पुन्हा वाचावेत. त्यात ठेकेदाराला मज्जाव आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं आहे. घर पती-पत्नी दोघांच्या नावे, किंवा बाईच्या नावे मंजूर होतं. म्हणजे नकाशा ठरवायचा अधिकार कागदोपत्री तिच्याकडे आलेला आहे. पण पहिला हप्ता जमा झाला की मिस्त्री येतो, शेजारच्या घरकुलाकडे बोट दाखवतो, ‘असंच करू’ म्हणतो, आणि चुन्याची फक्की टाकून आखणी होते. तिला कोणी विचारत नाही, आणि तिलाही विचारायची सवय लागलेली नसते.

यावर आमचे अभियंता मित्र म्हणतील, प्रत्येक बाईला विचारत बसलो तर यादी कधी पूर्ण होणार? बीबीच्या ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, नावांवर भांडणं होतात, तासन्‌तास जातात, आणि ते योग्यच आहे, कारण नाव लागणं महत्त्वाचं. त्याच सभेत नावं ठरल्यावर आणखी अर्धा तास द्यावा. ज्यांचं घर होणार आहे त्या बायांनी पुढे यावं, आणि सध्या राहतात त्या घरात काय जमतं, काय जमत नाही, ते सांगावं. ग्रामसेवकाने ते त्यांच्या अर्जामागे लिहून ठेवावं. मिस्त्रीने खोदाईच्या आधी ते वाचावं. याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही, आर्किटेक्टही लागत नाही. यादी एक दिवसही मागे पडणार नाही. आणि तरीही कोणी म्हटलं की बायांच्या या बोलण्याचा सिमेंटशी काय संबंध, तर त्याने स्वतःच्या बंगल्यातला गॅसचा ओटा कोणाला विचारून बांधला होता, तेवढं आधी सभेला सांगावं.